मदरबोर्ड, ऊन आणि आळ

आजचा भाग मदरबोर्डवर आहे, पण कोणता घ्यावा यावर नाही. चांगला महागाचा बोर्ड घेऊनसुद्धा मशीन मधेच का बंद पडतं, आणि त्याचा दोष आजवर कोणाकोणाच्या डोक्यावर गेला, याचा हा छोटा इतिहास आहे. सुरुवात धुळ्यातून करतो, कारण माझ्यापुरता हा इतिहास तिथेच सुरू होतो.

धुळ्यात माझ्या मामाचा फोटो स्टुडिओ होता. आधी फोटो, मग लग्नाचं व्हिडिओ शूटिंग. २००३ च्या सुमारास मामाने मिक्सिंगसाठी कॉम्प्युटर घेतला. आमच्याकडे एडिटिंग कोणी म्हणत नाही, मिक्सिंगच म्हणतात. पेंटियम फोर, कॅप्चर कार्ड, आणि दुकानदाराने "सगळ्यात भारीतला आहे" म्हणून गळ्यात मारलेला मदरबोर्ड. मामाने त्यासाठी कर्ज काढलं होतं. शूटिंग मिनी डीव्ही कॅसेटवर व्हायचं. एका तासाची कॅसेट म्हणजे हार्ड डिस्कवर साधारण १३ जीबी. ती उतरवून घेतली की पुढच्या लग्नाला तीच कॅसेट पुन्हा वापरायची, कारण दर लग्नाला नवीन कॅसेटी घेणं परवडायचं नाही.

स्टुडिओत एक पोरगा कामाला होता. मी आठ-नऊ वर्षांचा, त्याला नुसतं दादा म्हणायचो. कॅसेट उतरवणं, टायटल टाकणं, रेंडरला लावून रात्री तिथेच गादी टाकून झोपणं, हे सगळं दादाकडे.

२००६ च्या उन्हाळ्यात, आखाजीच्या आसपास लग्नांची दाटी असताना, मशीन मधेच रीस्टार्ट व्हायला लागलं. कधी तासाने, कधी दहा मिनिटांनी. मामाने आधी लोडशेडिंगला शिव्या दिल्या. भुसावळजवळ दीपनगरला वीज तयार होते आणि आपण अंधारात बसतो, हे वाक्य तेव्हा प्रत्येक घरात होतं. यूपीएस बदलला, फरक नाही. मग दोष उन्हाला. कुलर थेट कॅबिनेटकडे वळवला, फरक नाही. मग एका लग्नाची फाईल अर्धवट खराब निघाली आणि कॅसेट तोवर पुसून पुन्हा वापरलेली. नवरीच्या पाठवणीचा भाग गेला तो गेलाच. नवरीचे वडील दुकानात येऊन बसले. भांडले नाहीत, नुसते बसून राहिले. ते गेल्यावर मामा दादाला म्हणाला, "काय व्हयनं रे? तू काय केलं त्या मशीनला?" गाणी कॉपी करताना व्हायरस आणला असशील, रात्री गेम खेळत असशील. आठवड्याभरात दादाची नोकरी गेली.

आता धुळ्यातून जरा बाहेर पडू.

१९८१ मध्ये आयबीएमचा पहिला पीसी आला, तेव्हा त्यातला प्रोसेसर ४.७७ मेगाहर्ट्झचा होता आणि वीज इतकी कमी खायचा की त्याच्यावर पंखाही नव्हता. बोर्डाचं काम सगळं एकमेकांना जोडण्याचं. पुढे प्रोसेसर वेगवान झाले, त्यांचं व्होल्टेज कमी होत गेलं आणि करंट वाढत गेला. पेंटियम फोरच्या काळात, २००० मध्ये, प्रोसेसरसाठी १२ व्होल्टचा वेगळा चार पिनांचा कनेक्टर आला. या १२ व्होल्टचे दीड व्होल्टच्या आसपास करून, क्षणाक्षणाला बदलणाऱ्या मागणीप्रमाणे स्थिर पुरवणं, हे बोर्डाचं सगळ्यात अवघड काम बनलं. हे काम प्रोसेसरच्या शेजारचा व्हीआरएम नावाचा भाग करतो, आणि त्यात धक्के झेलायला कपॅसिटर असतात. घरात नळ एकदम पूर्ण सोडला तरी धार कमी होऊ नये म्हणून गच्चीवर टाकी असते ना, तसं समजा.

साधारण १९९९ पासून पुढची सात-आठ वर्षं बाजारात सदोष कपॅसिटर आले. ॲल्युमिनियमच्या त्या छोट्या डब्यांमधलं रसायन, म्हणजे इलेक्ट्रोलाइट, नीट बनलेलं नव्हतं. आत हायड्रोजन वायू तयार व्हायचा, डबी वरून फुगायची, कधी फुटून तपकिरी चिकट द्रव बाहेर यायचा. चोरलेल्या अर्धवट फॉर्म्युल्यातून हे झालं, अशी गोष्ट तेव्हा खूप गाजली. एबिट या नावाजलेल्या मदरबोर्ड कंपनीने अशा कपॅसिटरची अडचण उघडपणे मान्य केली. डेलला २००५ मध्ये ऑप्टिप्लेक्स मशीन दुरुस्त करण्यासाठी ३० कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. महाग बोर्ड घेणारेही यातून सुटले नाहीत, कारण महाग बोर्ड आणि स्वस्त बोर्ड दोन्हींचे कपॅसिटर त्याच बाजारातून यायचे.

यात उन्हाचा वाटा किती? एक साधा हिशोब करू. अशा कपॅसिटरवर "१०५ अंश, २००० तास" असं आयुष्य दिलेलं असतं. ढोबळ नियम असा की तापमान १० अंशांनी कमी झालं की आयुष्य दुप्पट होतं. म्हणजे कपॅसिटर ६५ अंशांवर चालला तर ३२,००० तास, रोज आठ तास धरले तर जवळपास ११ वर्षं. तोच ८५ अंशांवर चालला तर ८,००० तास, म्हणजे तीन वर्षंही नाहीत. मे महिन्यात जळगाव-भुसावळकडे पारा ४५ च्या पुढे जातो, धुळंही फार मागे नसतं. पत्र्याखालच्या दुकानात, बंद कॅबिनेटमध्ये, प्रोसेसरच्या शेजारी काय होत असेल, विचार करा. म्हणजे ऊन निर्दोष नव्हतं. पण मूळ खोट डबीच्या आतली होती. चांगल्या कपॅसिटरला उन्हाने म्हातारं केलं असतं, यांना तरुणपणीच मारलं.

हे सगळं मला कळलं २०१६ मध्ये, बीटेकच्या दुसऱ्या वर्षाला असताना. सुट्टीत मामाच्या माळ्यावर तो जुना डबा सापडला. कॅबिनेट उघडलं तर प्रोसेसरशेजारच्या सहा डब्या वरून फुगलेल्या, दोन फुटलेल्या, खाली तपकिरी खपली. मी मामाला वर बोलावून दाखवलं आणि सांगितलं की रीस्टार्ट यामुळे व्हायचं, व्हायरसने या डब्या फुगत नाहीत. मामा बराच वेळ टॉर्च धरून बघत राहिला. मग म्हणाला, "त्या पोराचा नंबर असेल का रे कोणाकडे?"

नंबर मिळाला. दादाचं आता अमळनेरला मोबाईल रिपेअरिंगचं दुकान आहे. मामाने फोन केला, मी शेजारीच होतो. दादा शांतपणे म्हणाला, "मामा, मी तेव्हाच सांगितलं होतं, आतून करपल्यासारखा वास येतो म्हणून. तुम्ही म्हटले उन्हाचा येत असेल." मामाकडे यावर उत्तर नव्हतं.

आता वाटेल की हा जुना काळ झाला. पुढे २००६-०७ पासून चांगल्या बोर्डांवर सॉलिड कपॅसिटर येऊ लागले, द्रवच नाही तर फुगणार काय. तो प्रश्न खरंच बऱ्याच अंशी संपला. पण दोष भलत्यावर जाण्याची सवय संपली नाही.

ऑक्टोबर २०२२ मध्ये इंटेलचे तेराव्या पिढीचे प्रोसेसर आले, वर्षभराने चौदाव्या पिढीचे. आय नाईनची टर्बो मर्यादा कागदावर २५३ वॅट. पण अनेक महागड्या बोर्डांवर ही मर्यादा कारखान्यातूनच उठवलेली असायची, कारण परीक्षणात दोन-चार टक्के पुढे दिसलं की बोर्ड खपतो. काही महिन्यांनी लोकांची मशीनं कोसळायला लागली. गंमत म्हणजे अनेक गेममध्ये स्क्रीनवर संदेश यायचा, "व्हिडिओ मेमरी संपली". लोकांनी ग्राफिक्स कार्ड बदलली, ड्रायव्हर बदलले, विंडोज नव्याने टाकलं. बिचाऱ्या ग्राफिक्स कार्डाचा काही संबंध नव्हता. डेटा उलगडताना प्रोसेसरच चुकत होता. २०२४ च्या एप्रिलमध्ये बोट मदरबोर्ड कंपन्यांच्या सेटिंगकडे वळलं. जुलैमध्ये इंटेलने मान्य केलं की त्यांच्याच मायक्रोकोडमुळे प्रोसेसर गरजेपेक्षा जास्त व्होल्टेज मागत होता. ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये दुरुस्तीचे बायोस अपडेट आले आणि वॉरंटी दोन वर्षांनी वाढवली. पण जे प्रोसेसर आधीच झिजले होते, ते अपडेटने बरे होणारे नव्हते. त्याच मे महिन्यात जळगाव जिल्ह्यात उष्णतेमुळे कलम १४४ लावलं गेलं होतं. आपल्याकडे कोणाचं मशीन तेव्हा कोसळलं असेल तर त्याने काय मानलं असेल, हे सांगायला नको.

आता माझी गोष्ट, आणि ही माझ्या बाजूने चांगली नाही. मामाचा मुलगा आता स्टुडिओ चालवतो. लग्नं तर आहेतच, शिवाय यूट्यूबवर चालणारी अहिराणी गाणी, तीही फोर-केमध्ये. २०२३ मध्ये मी त्याला मशीन जोडून दिलं. बोर्ड वरच्या दर्जाचा, चार रॅम स्टिक, आणि बायोसमध्ये एक्सएमपी चालू करून रॅम पूर्ण वेगावर. तीन आठवड्यांत रेंडर अडकायला लागले. त्याचा फोन आला आणि माझ्या तोंडून पहिलं वाक्य निघालं, "तू काही भलतंसलतं इन्स्टॉल केलंस का?"

पलीकडे मामा होता. त्याने फोन घेतला आणि एवढंच म्हणाला, "आधी डबा उघडून बघ, भाचा."

रात्रभर मेमटेस्ट लावला. सकाळी शेकडो चुका. दोन-दोन स्टिक लावल्या की चूक नाही, चारही लावल्या की चुका. एक्सएमपी म्हणजे शेवटी ओव्हरक्लॉकच, आणि चार स्टिकचा भार मेमरी कंट्रोलरवर जास्त पडतो. खोक्यावर लिहिलेला वेग चार स्टिकवर मिळेलच असं नसतं. वेग दोन पायऱ्या खाली आणला, प्रोसेसरची वॅट मर्यादा कागदाप्रमाणे ठेवली. रेंडरला काही मिनिटं जास्त लागतात, पण त्यानंतर एकही अडकला नाही. दोष बोर्डाचा नव्हता, उन्हाचा नव्हता, भावाचा तर नव्हताच. सेटिंग मी केली होती.

तेव्हा मंडळी, मशीन मधेच बंद पडायला लागलं तर आधी बायोस अपडेट करा, एक्सएमपी बंद करून बघा, एक रात्र मेमटेस्ट चालवा, वॅट मर्यादा तपासा, आणि कॅबिनेट उघडून डोळ्यांनी बघा, नाकाने वास घ्या. आणि मूळ फुटेजची दुसरी कॉपी झाल्याशिवाय कार्ड पुसू नका. हे सगळं होईपर्यंत शेजारी बसलेल्या पोराला काही बोलू नका.

भेटू पुढच्या भागात.