पहिल्या धारेचे कोष्टक

२१ एप्रिल २०२१ रोजी नाशिकच्या डॉ. झाकीर हुसेन रुग्णालयाच्या आवारात पसरलेले पांढरे लोट आपण सर्वांनी दूरचित्रवाणीवर पाहिले. टाकीतून द्रवरूप ऑक्सिजन गळला, वॉर्डांकडे जाणाऱ्या नळीतला दाब घसरला आणि त्या दिवशी २२ रुग्ण दगावले. ते लोट ऑक्सिजनचे नव्हते. ऑक्सिजन वायू डोळ्यांना दिसत नाही आणि द्रवरूपात तो फिकट निळा असतो. दिसत होते ते त्याच्या थंडीने गोठलेले हवेतले बाष्प. एवढी साधी गोष्टही तेव्हा मला ठाऊक नव्हती, कारण माझे शिक्षण विज्ञानाचे नाही. पण हा द्रव येतो कुठून, या प्रश्नाने त्या दिवसापासून पाठ सोडली नाही. माग काढत मी पोहोचलो १९०० सालच्या एका कोष्टकापाशी.

दुर्घटनेनंतर तीनच दिवसांनी, २४ एप्रिलला, ऑक्सिजन एक्स्प्रेसचे चार टँकर नाशिक रोडला उतरले. ते भरले होते विशाखापट्टणमच्या पोलाद कारखान्यात. पोलाद बनवायला ऑक्सिजन अफाट लागतो, म्हणून असे कारखाने आपल्या आवारातच हवेचे विभाजन करतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन, २१ टक्के ऑक्सिजन आणि उरलेल्यात मुख्यतः आर्गॉन. जर्मनीत कार्ल फॉन लिंडे याने १८९५ मध्ये हवा मोठ्या प्रमाणावर द्रवरूप करून दाखवली. पुढचा प्रश्न ती वेगळी करण्याचा होता. नायट्रोजन उणे १९६ अंशांना उकळतो, ऑक्सिजन उणे १८३ अंशांना. मग द्रव हवा जराशी तापू द्यावी, नायट्रोजन उडून जाईल आणि ऑक्सिजन मागे राहील, असे वाटते. तसे होत नाही.

याचे कारण आपल्या जिल्ह्यात पेठ-सुरगाण्याकडे मोहाची दारू गाळणाऱ्याला पुस्तकाविना कळते. पहिल्या धारेची कडक असते, पण तीही निव्वळ मद्यार्क नसते. पाण्याची वाफ तिच्यासोबत येतेच. भांड्यातल्या द्रवात एखादा घटक किती आणि त्यावरच्या वाफेत किती, यांचे प्रत्येक तापमानाला व दाबाला एक ठरलेले नाते असते. दोन्हींचा समतोल साधल्यावर ते मोजावे लागते. नुसत्या उत्कलनबिंदूंवरून ते नेमके सांगता येत नाही.

द्रव हवेसाठी हे काम लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजात, विल्यम रॅम्से यांच्या प्रयोगशाळेतील ई. सी. सी. बेली यांनी केले आणि १९०० मध्ये प्रसिद्ध केले. अशी मोजणी म्हणजे संयमाची परीक्षा. भांड्याभोवतीची थंडी तसूभर हलू द्यायची नाही. द्रव आणि वाफ यांचा समतोल होईपर्यंत थांबायचे. मग दोन्हींचे नमुने काढायचे. आणि खरी मेख तिथेच. बारीक नळीत द्रव ओढला की तो वाटेतच उकळतो, नायट्रोजन आधी निसटतो आणि हाती येतो तो नमुना खोटा.

या कोष्टकातली एक जोडी महत्त्वाची. २१ टक्के ऑक्सिजन असलेल्या द्रव हवेवर जी वाफ समतोलात राहते, तिच्यात सुमारे ७ टक्के ऑक्सिजन असतो. लिंडेने १९०२ मध्ये मनोरा उभारला. वरून द्रव हवा झिरपत खाली, खालून वाफ वर. तळाशी शुद्ध ऑक्सिजन मिळाला. पण माथ्यावरची वाफ ताज्या द्रव हवेला भिडूनच बाहेर पडत होती, म्हणून तिच्यात ते ७ टक्के राहायचेच. हिशेब केला तर हवेतला पाव हिश्शाहून अधिक ऑक्सिजन वाया जात होता. दोष कारागिरीचा नव्हता. मर्यादा निसर्गाची होती आणि ती कोष्टकात दिसत होती.

वाट १९१० मध्ये निघाली, ती दुहेरी मनोऱ्याने. खालचा मनोरा पाच-सहा वातावरणांच्या दाबाखाली चालतो. त्या दाबाला नायट्रोजन ऑक्सिजनच्या नेहमीच्या उत्कलनबिंदूहून वरच्या तापमानाला द्रवतो. म्हणजे खालचा नायट्रोजन द्रवताना जी उष्णता सोडतो, तिनेच वरचा ऑक्सिजन उकळतो. तो द्रव नायट्रोजन मग माथ्यावर सोडला की वर जाणारा उरलासुरला ऑक्सिजनही खाली धुऊन येतो. १९२७ मध्ये डॉज आणि डनबार यांनी वाढत्या दाबांखाली हे नाते पुन्हा काटेकोर मोजले.

या कथेचा एक धागा आपल्याकडेही येतो. बेलींचे कोष्टक छापले गेले त्याच १९०० साली रॅम्से जमशेटजी टाटांच्या नियोजित विज्ञान संस्थेसाठी भारतभर फिरले आणि त्यांनी बंगळूरची शिफारस केली. संस्थेचे पहिले संचालक झाले मॉरिस ट्रॅव्हर्स. रॅम्से यांच्याबरोबर द्रव हवेच्या ऊर्ध्वपातनातून क्रिप्टॉन, निऑन आणि झेनॉन शोधणारे हेच.

२०२१ नंतर नाशिकमध्ये चर्चा झाली ती झडपांची आणि जबाबदारीची. ती व्हायलाच हवी होती. पण टाकीत काय भरले आहे, हे मात्र आपल्यापैकी फार थोड्यांना ठाऊक होते. एक लिटर द्रव ऑक्सिजनचा वायू झाला की तो साडेआठशे लिटरांहून अधिक जागा व्यापतो. म्हणजे आठेक लिटर, जेमतेम एक कळशी द्रव सांडला की एक जम्बो सिलिंडर गेला. त्या एप्रिलमध्ये असा एक सिलिंडर मिळवण्यासाठी शहरातली माणसे रात्र रात्र रांगेत उभी होती.