आमच्या जिल्ह्यांतील एक शिक्षणप्रयोग

कारंजा (घाडगे) येथून वर्धेस जाणाऱ्या पुष्कळ धर्मबंधूंनीं सेवाग्रामची बापूकुटी पाहिली असेल. पण तेथेंच मुलांना कर्ते करण्याचा जो प्रयोग झाला, त्याची माहिती आमच्या घरांतून फारशी नाहीं. ज्युबिलीच्या निमित्तानें ती देणें आम्हांस अगत्याचें वाटतें.

ता. २२ व २३ ऑक्टोबर १९३७ रोजीं महात्मा गांधींच्या अध्यक्षतेखालीं वर्धेस शिक्षणपरिषद भरली. सात वर्षांचें मोफत व सक्तीचें शिक्षण मातृभाषेंतून आणि एखाद्या उत्पादक हस्तोद्योगाच्या द्वारें द्यावें, असें तेथें ठरलें. डॉ. झाकिर हुसेन यांच्या समितीनें आखलेल्या साडेपांच तासांच्या शाळेंत तीन तास वीस मिनिटें उद्योगासच होतीं. सूत कांतावें, मोजावें, त्यांतूनच गणित यावें. सेवाग्रामांत सिलोनचे श्री. आर्यनायकम् व त्यांच्या पत्नी आशादेवी हें काम पाहत. मुलांबरोबर शिक्षकही झाडू घेत, संडास साफ करीत. ही गोष्ट आम्हांस सुतापेक्षांही मोठी वाटते.

मुलांच्या मालावर शाळेचा खर्च निघावा, ही गांधीजींची अपेक्षा मात्र सर्वांस रुचली नाहीं. प्रो. के. टी. शहा यांनीं परिषदेंतच विरोध केला. पैशाच्या मागें लागून शिक्षण बाजूस पडूं नये, असा इशारा समितीच्या अहवालांतही आहे. भीति खरी होती. मूल कामानें वाढतें आणि कामानें नाडलेंही जातें. संत जॉन बॉस्को यांनीं १८५२ सालीं ट्युरिन येथें एका शिकाऊ मुलासाठीं सुताराशीं लेखी करार केला, त्यांत मालकानें चुकीबद्दल फक्त शब्दांनींच समज द्यावी, अशी अट घातली, ती याच भीतीपोटीं.

पुढें ही योजना मागें पडली. सेवाग्रामांत आनंद निकेतन शाळा २००५ सालीं पुन्हा सुरू झाली. आमच्याकडे मात्र पोरगा शिकला म्हणजे त्यानें संत्र्याच्या बागेंत पाऊल टाकूं नये, असें बापासच वाटतें. दोष बापांचाच नव्हे. आम्हीही आजवर तरुणांस मांडव घालण्यापुरतेंच बोलावीत आलों. हिशेबाची वही आमच्या टेबलावर.

यंदा ती वही दोघां तरुणांच्या हातीं दिली. पहिल्याच आठवड्यांत बेरीज चुकली. आम्ही गप्प राहिलों. दुसऱ्या दिवशीं मिस्सेनंतर दोघे आले. रात्रीं बसून त्यांनीं चूक शोधून काढली होती.