लॉर्ड डलहौसी आणि नागपूरचे राज्य

कन्हान नदीकाठचे खापा हे कोष्ट्यांचे जुने गाव. शंभर वर्षे आणि वर भोसल्यांच्या अमलाखाली काढलेल्या या मुलखाचे भवितव्य १८५४ साली एका स्कॉटिश उमरावाच्या लेखणीने पालटले. त्याचे नाव लॉर्ड डलहौसी.

त्याचा जन्म १८१२ चा. हॅरो आणि ऑक्सफर्ड येथे शिक्षण. १८३७ त पार्लमेंटात निवडून आला आणि दुसऱ्याच वर्षी वडील वारल्याने अर्ल झाला. पुढे व्यापार खात्याचा अध्यक्ष असताना इंग्लंडातल्या रेल्वेचे प्रस्तावच्या प्रस्ताव त्याने तपासले. रात्रंदिवस कागदांत बुडालेला, स्वतःच्या शहाणपणाविषयी तिळमात्र शंका नसलेला असा हा माणूस. १८४८ च्या जानेवारीत गव्हर्नर-जनरल म्हणून आला तेव्हा छत्तिशीही पुरी झालेली नव्हती!

११ डिसेंबर १८५३ रोजी तिसरे रघूजीराजे नागपुरास निपुत्रिक वारले. राण्या होत्या, वडीलधाऱ्या बाकाबाई होत्या, दत्तक घेण्याची रीत होती. रेसिडेंट मॅन्सेलचे मत राज्य ठेवावे असे पडले. कौन्सिलातल्या कर्नल लो यानेही विरोध केला. म्हणजे इंग्रज सारे एका माळेचे मणी होते असे नव्हे. पण डलहौसीने ठरविले की, हे राज्य कंपनीनेच दिलेले, वारस नाही, सबब ते कंपनीकडे परत आले. आणि त्याच्या टिपणात आणखी एक गोष्ट आहे, ती म्हणजे कापूस. वऱ्हाडचा कापूस १८५३ तच कंपनीच्या हाती आला होता. आता नागपूर मिळाले की रस्ता मोकळा.

मग वाड्यातले हत्ती, घोडे, बैल लिलावात निघाले. जडजवाहीर कलकत्त्यास गेले. ज्याच्या दारी काल मुजरा केला त्याच्याच घरचा बैल आज बोलीवर चढलेला पाहून लोकांना काय वाटले असेल!

आमच्या शाळांतून मुलांना डलहौसीच्या सुधारणा एका धड्यात आणि खालसा धोरण दुसऱ्या धड्यात शिकवितात. मला हे पटत नाही. अर्ध्या आण्यात देशभर पत्र जाऊ लागले तेही १८५४ सालीच. हात एकच होता. १८६७ त आगगाडी नागपुरास पोचली, तेव्हा कापसाचे गठ्ठे मुंबईकडे निघाले आणि गिरणीचे स्वस्त कापड उलट इकडे आले. नागपुरी लुगडी-पागोटी विणणाऱ्यांचे दरबारी गिऱ्हाईक आधीच गेले होते. आता बाजारातलेही तुटू लागले.

डलहौसी १८५६ त आजारी होऊन परतला. पत्नी १८५३ तच वारली होती. १८६० च्या डिसेंबरात तोही गेला. त्याला दोन मुली, मुलगा नव्हता. पंजाब जिंकल्याबद्दल मिळालेली मार्क्विस ही पदवी वारसाअभावी संपली. अर्लपद मात्र रीतीप्रमाणे चुलतभावाकडे गेले. ते कोणी खालसा केले नाही. इकडे राण्यांनी दत्तक घेतलेल्या जानोजींना इंग्रजांनी पुढे राजाबहादूर म्हटले आणि साताऱ्याकडचे देऊर गाव दिले. नागपूर दिले नाही.