ऑस्टिन सेव्हन आणि घरचा कारखाना

मोटारगाड्यांचा इतिहास म्हणजे कारखान्यांचा आणि कारखानदारांचा इतिहास, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. अमुक सालीं अमुक कंपनीनें अमुक गाडी काढली व ती लाखांनीं खपली, ही हकीकत आपण पुष्कळ वेळां ऐकली आहे. आज ज्या इतिहासाची ओळख करून द्यावयाची आहे तो मात्र बव्हंशीं कारखान्याबाहेर घडला. तो इंग्लंडांतील मध्यम स्थितीच्या घरांमागें, लांकडी खोपटांत आणि भाड्यानें घेतलेल्या गाळ्यांत घडला; आणि त्यांतील बराचसा भाग नोव्हेंबर ते मार्च या थंडीच्या महिन्यांत घडला. दोन माणसांनीं सहज उचलावें एवढें एक लहानसें एंजिन हा त्याचा नायक आहे.

थंडीच कां, असा प्रश्न मुंबई-पुण्याच्या श्रोत्यांस पडणें साहजिक आहे. आपल्याकडे गाडी बाहेर काढून महाबळेश्वराकडे निघावें तें याच दिवसांत. इंग्लंडची गोष्ट उलटी. पहिल्या व दुसऱ्या महायुद्धांच्या मधल्या काळांत तेथील हौशी माणसाची गाडी बहुधा उघडी असे; वर कापडी छत आणि आंत उबेची कसलीहि सोय नाहीं. रात्रीं रेडिएटरमधील पाणी काढून न ठेवलें तर तें गोठून फुगावें आणि सिलिंडराच्या ठोकळ्याला तडा जावा. दुपारीं चार वाजतां अंधार पडूं लागे. शर्यतींचा हंगाम संपलेला असे. शिवाय गाडीवरील कर तिमाहीनेंहि भरतां येई. तेव्हां हिवाळ्याची तिमाही सोडून दिली म्हणजे तेवढे पैसे वांचत. अशा रीतीनें गाडी महिनेच्या महिने घरीं बसली, कीं मालकाचे हात शिवशिवूं लागत.

परंतु हात शिवशिवणें निराळें आणि एंजिन उघडण्याचें धाडस होणें निराळें. तें धाडस सामान्य माणसास ज्या गाडीनें दिलें ती ऑस्टिन सेव्हन.

सर हर्बर्ट ऑस्टिन यांचा लाँगब्रिज येथील कारखाना १९०५ सालीं निघाला. पहिल्या महायुद्धांत तो अवाढव्य वाढला आणि युद्ध संपल्यावर तितक्याच वेगानें अडचणींत आला. १९२१ सालीं त्याचा कारभार रिसीव्हरच्या हातीं गेला. त्याच वर्षीं इंग्लंडांत मोटारींवर दर अश्वशक्तीस एक पौंड असा वार्षिक कर सुरू झाला. ही अश्वशक्ति ठरविण्याची रीत मोठी विलक्षण होती. प्रत्यक्ष जोर न मोजतां केवळ सिलिंडरांची संख्या व त्यांचा व्यास यांवरून ती ठरवीत. फोर्डच्या 'टी' गाडीवर त्या हिशेबानें वर्षास २३ पौंड बसत. मोटारसायकलीच्या बाजूस बायकोमुलांची खुर्ची जोडून हिंडणाऱ्या कुटुंबाला सात-आठ पौंडांच्या करांत चार चाकांची गाडी देतां आली, तर आपण तरूं, असा ऑस्टिन यांचा होरा होता. संचालकांना तो पटेना. तेव्हां त्यांनीं कारखान्यांत नकाशे काढणाऱ्या स्टॅन्ले एज या अठरा वर्षांच्या मुलाला आपल्या राहत्या घरीं नेलें, आणि लिकी ग्रेंज येथील त्या घराच्या बिलियर्ड-खोलींत दोघांनीं मिळून ही गाडी कागदावर उतरविली. पुढें घरोघरीं उघडल्या गेलेल्या या एंजिनाचा जन्महि घरींच झाला म्हणावयाचा! दोन सिलिंडरांचें एंजिन घालावें असा धन्याचा विचार होता. चारच हवेत असा मुलाचा आग्रह होता. मुलाचें म्हणणें मान्य झालें, आणि पुढचा सारा इतिहास या एका मान्यतेवर उभा आहे.

१९२२ च्या जुलैंत गाडी जाहीर झाली. किंमत आरंभीं २२५ पौंड होती. ती लवकरच १६५ पर्यंत उतरली. एंजिन पहिल्या कांहीं गाड्यांत ६९६ घनसेंटिमीटरांचें आणि १९२३ पासून ७४७ चें. शक्ति सुमारें साडेदहा घोड्यांची. १९३९ पर्यंत अशा जवळजवळ दोन लाख नव्वद हजार गाड्या बाहेर पडल्या. जर्मनींत 'डिक्सी' या नांवानें हीच गाडी परवान्यानें तयार होई. तो कारखाना १९२८ सालीं बी. एम. डब्ल्यू. कंपनीनें विकत घेतला, आणि विमानांचीं एंजिनें व मोटारसायकली करणारी ती कंपनी मोटारीच्या धंद्यांत शिरली ती या दारानें.

आतां एंजिनाची रचना पाहूं. खालीं अॅल्युमिनियमचा खोका, त्यावर चार सिलिंडरांचा बिडाचा ठोकळा, आणि त्यावर बोल्टांनीं आवळलेलें सपाट झांकण. तिन्ही भाग एकमेकांपासून सुटे होत. झडपा ठोकळ्यांतच, सिलिंडरांच्या बाजूस बसविलेल्या. त्यामुळें झांकण उचललें कीं आठहि झडपा आणि चारहि दट्ट्यांचे माथे डोळ्यांसमोर येत. हिवाळ्याचें पहिलें काम काजळी काढण्याचें. त्या काळचें पेट्रोल आणि तेल असें, कीं कांहीं हजार मैलांत दट्ट्यांच्या माथ्यांवर काळा कठीण थर जमे व एंजिन चढणीवर ठोके देऊं लागे. तो थर बोथट पात्यानें खरवडावयाचा. मग झडपा. झडपेच्या कडेला कुरुंदाच्या बारीक पुडीचा लेप लावून ती आपल्या बैठकीवर हातानें पुढेंमागें फिरवीत घासावयाची, मधून मधून उचलून जरा वळवून ठेवावयाची, आणि कडेभर एकसारखी राखी रंगाची कडी उमटेपर्यंत हा उद्योग चालवावयाचा. हें काम कसें करावें याचें वर्णन कंपनीनें गाडीबरोबर दिलेल्या पुस्तिकेंतच असे. ज्या माणसानें जन्मांत पाना हातीं धरला नव्हता, अशा कारकुनाला किंवा शाळामास्तराला ही पुस्तिका निर्धास्तपणें सांगे कीं, झांकण उघड.

एकदां झांकण उघडलें कीं माणूस तेवढ्यावर थांबत नाहीं. कनेक्टिंग रॉडच्या खालच्या डोळ्याला पांढऱ्या मऊ धातूचें अस्तर असे. तें झिजलें म्हणजे एंजिनाच्या पोटांतून धपधप आवाज येई. नवें अस्तर ओतून आणिल्यावर खरी परीक्षा. शाफ्टाला पातळसा निळा रंग फांसावयाचा, रॉड त्यावर आवळावयाचा, फिरवावयाचा आणि पुन्हां उघडावयाचा. अस्तरावर जेथें निळा डाग लागला असेल तेथें तें उंच आहे. तेवढाच भाग तासणीनें खरवडावयाचा. हें दहा वेळां, वीस वेळां, सर्व अस्तरावर एकसारखा निळा रंग उमटेपर्यंत. घाई केली तर तें काम वसंतांत रस्त्यावर उघडें पडे. सिलिंडर कातण्याचें काम तेवढें घरीं होण्यासारखें नव्हतें. तें यंत्रशाळेंतून करवून आणीत. या चार महिन्यांत घरांतील टेबलें, पराती आणि जुनीं पांघरुणें यांची काय दशा झाली असेल, तें गृहिणीच जाणोत. त्यांची बखर कोणी लिहिलेली नाहीं.

हें एंजिन निर्दोष असतें तर इतिहास येथेंच संपला असता. परंतु त्यांत दोन ठळक उणिवा होत्या. क्रँकशाफ्ट केवळ दोन टोकांशीं टेकलेला असे. मध्यें आधार नाहीं. वेग वाढविला कीं तो बारीक शाफ्ट वेताच्या छडीसारखा लवे आणि कधीं कधीं मोडे. दुसरी उणीव तेलाची. दाबानें तेल शाफ्टाच्या आंत ढकलण्याऐवजीं बारीक तोट्यांतून तें फिरत्या शाफ्टावर उडे आणि त्यावरील छिद्रांत शिरेल अशी अपेक्षा असे. या पद्धतीला इंग्रज हौशी लोक थट्टेनें 'थुंका आणि आशा धरा' असें म्हणत. स्वस्त गाडींत हें क्षम्य होतें. शर्यतीच्या गाडींत नव्हतें. म्हणून कारखान्यानेंच पुढें खेळाच्या नमुन्यांत दाबाच्या तेलाची सोय केली. १९२९ च्या अल्स्टर येथील शर्यतींत मोठमोठ्या गाड्यांच्या मांदियाळींत आर्ची फ्रेझर-नॅश यांची ऑस्टिन तिसरी आली, आणि खेळाच्या त्या नमुन्याला 'अल्स्टर' हें नांव मिळालें. १९३० सालीं ब्रुकलंड्सची पांचशें मैलांची शर्यत डेव्हिस व अर्ल ऑफ मार्च यांनीं ऑस्टिन सेव्हनवरच जिंकली. त्या शर्यतीची पद्धत लहान गाड्यांना सवलत देणारी होती, हें खरें. तथापि पांचशें मैल तें एंजिन शाबूत राहिलें, याचें मोल हौशी लोकांनीं बरोबर ओळखलें. ॲलेक इसिगोनिस आणि जॉर्ज डाउसन या दोघां मित्रांनीं १९३३ पासून सुमारें पांच वर्षें खपून स्वतःच्या हातांनीं एक हलकी शर्यतीची गाडी बांधली, तिचें एंजिनहि याच घराण्यांतलें. १९५९ सालच्या 'मिनी' गाडीचे कर्ते ते हेच इसिगोनिस.

१९३९ सालीं या गाडीच्या भक्तांनीं '७५० मोटार क्लब' स्थापन केला आणि लगेच युद्ध आलें. युद्धानंतर इंग्लंडांत नव्या गाड्या परदेशीं रवाना होत, पेट्रोल शिध्यावर मिळे, आणि तरुणाच्या आवांक्यांत येई ती वीस वर्षांची जुनी सेव्हन. लंडनच्या युनिव्हर्सिटी कॉलेजांत स्थापत्य शिकणारा कॉलिन चॅपमन हा विद्यार्थी फावल्या वेळीं एका मित्रासमवेत जुन्या गाड्यांची खरेदीविक्री करी. १९४७ च्या शरदांत सरकारनें खाजगी गाड्यांचा मूळ शिधाच बंद केला आणि हा धंदा एका रात्रींत बसला. सारा माल मिळेल त्या भावानें काढून टाकल्यावर एक गाडी तेवढी उरली, जुनी ऑस्टिन सेव्हन. तिला गिऱ्हाईक नव्हतें. पुढें त्याची पत्नी झालेली हेझल विल्यम्स हिच्या आईबापांच्या घरामागें एक कुलुपबंद गाळा होता. तेथें त्या हिवाळ्यांत चॅपमननें ती गाडी पार उघडली, विमानबांधणीचें तत्त्व वापरून प्लायवुड व अॅल्युमिनियम यांचें नवें अंग तिला चढविलें आणि १९४८ च्या वसंतांत ती चिखलाच्या चढणींच्या स्पर्धांत उतरविली. तिचें नांव त्यानें 'लोटस' ठेविलें.

त्या एंजिनाची आणखी एक खोड होती. चार सिलिंडरांना हवा-पेट्रोलाचें मिश्रण पुरविणारीं द्वारें दोनच. शेजारशेजारच्या दोन सिलिंडरांना एक द्वार सामाईक. त्यांत ज्वलनाचा क्रम असा, कीं शेजारचे दोघे लागोपाठ मिश्रण ओढीत आणि एक दुसऱ्याच्या तोंडचा घांस पळवी. हजारों लोकांनीं हें द्वार पाहिलें होतें. १९५१ च्या आरंभीच्या महिन्यांत ॲलन नांवाच्या दोघां भावांच्या घरच्या कर्मशाळेंत आपली तिसरी गाडी बांधतांना चॅपमननें त्या द्वारांत पडदा घालून प्रत्येक सिलिंडराचा वांटा निराळा केला. क्लबनें स्वस्त शर्यतींसाठीं या एंजिनाचा एक वर्ग ठरविला होता. त्या वर्गांत १९५१ सालीं ही गाडी इतकी पुढें गेली, कीं क्लबानें नियम बदलून द्वारांत पडदा घालण्यास बंदी केली. माझ्या मतें त्या छोट्या गाडीला याहून मोठा मानमरातब मिळाला नाहीं. १ जानेवारी १९५२ रोजीं लोटस एंजिनिअरिंग हा कारखाना निघाला. त्याचें भांडवल म्हणजे हेझलनें दिलेले २५ पौंड. त्याची जागा म्हणजे चॅपमनचे वडील चालवीत असलेल्या खाणावळीमागील तबेला. १९६३ सालीं लोटस जगज्जेती झाली.

चॅपमन बुद्धिमान् होता, यांत शंका नाहीं. आणि असा माणूस कोठेंहि चमकला असता असें म्हणणारे पुष्कळ आहेत. मला तें पुरतेंसें पटत नाहीं. महागड्या गाडीचें एंजिन या मुलाला कोणी उघडूं दिलें असतें काय? तेथें मिस्त्री असतो, हमी असते, आणि मालकाचा जीव वरखालीं होत असतो. ज्या यंत्राचा एक शाफ्ट मोडला तर घरदार बुडत नाहीं, त्याच यंत्रावर माणूस चुकूं शकतो व चुकतां चुकतां शिकतो.

न्यूझीलंडांतील ऑकलंड शहरीं लेस मॅक्लारेन यांचा पेट्रोल-पंप व दुरुस्तीचा व्यवसाय होता. त्यांनीं एक १९२९ सालची अल्स्टर, सुट्या भागांच्या राशीच्या रूपांत, विकत घेतली. जोडून नफ्यानें विकावी एवढाच त्यांचा विचार. परंतु लहानपणीं कंबरेच्या दुखण्यानें दीर्घकाळ रुग्णालयांत काढलेला त्यांचा मुलगा ब्रूस यानें ती विकूं दिली नाहीं. बापलेकांनीं मिळून ती उभी केली. १९५२ सालीं, पंधराव्या वर्षीं, परवाना मिळतांच ब्रूस मुरिवाई येथील चढणीच्या स्पर्धेंत तिच्यावर बसून उतरला. १९६३ सालीं त्यानें स्वतःच्या नांवाची शर्यतसंस्था काढली. १९६८ सालीं आपल्याच गाडींतून बेल्जमची ग्रां प्री जिंकली. आणि १९७० सालीं गुडवुड येथें गाडीची चाचणी घेतांना, वयाच्या बत्तिसाव्या वर्षीं, तो मृत्यु पावला. ती अल्स्टर मोडींत गेली नाहीं. इंग्लंडांतील वोकिंग येथें मॅक्लारेन कंपनीची मुख्य इमारत उभी राहिल्यावर तिला तेथें शर्यती जिंकलेल्या गाड्यांच्या रांगेंत जागा मिळाली.