धातूचा पक्षी आणि चिंचणीचा ताम्रपट

परवा फोनवर फ्रेंच शिल्पकार ज्यूल म्वान्ये (१८३५–१८९४) याचे ब्राँझचे पक्षी बघत बसलो होतो. पीस न् पीस मोजून घ्यावं! पण हे पक्षी दिवाणखान्यात मांडायला घडवलेले.

आपल्याकडे धातूच्या पक्ष्याला काम असायचं. राष्ट्रकूट राजे दान दिलं की ते तांब्याच्या पत्र्यांवर कोरून घ्यायचे. पत्रे कडीत ओवायचे, कडीवर मुद्रा आणि मुद्रेवर उठावाचा गरुड. गरुड दिसला की समजायचं, शब्द राजाचा आहे.

त्याच राजवटीतला शके ८४८चा, म्हणजे इ.स. ९२६चा एक ताम्रपट आपल्या चिंचणीत सापडला. तेव्हा संजाण प्रांत सांभाळत होता मधुमती, म्हणजे मोहम्मद. ताम्रपट त्याला ताजिक म्हणतो, म्हणजे अरब. त्याने नदीवर फुकटची तर सुरू केली, अन्नछत्र घातलं. आणि तिसऱ्या इंद्राच्या संमतीने देवीच्या मठाला एक गाव आणि थोडी जमीन दिली.

ना तो राजा उरला, ना त्याचं राज्य. शब्द मात्र ११०० वर्षांनीही वाचता येतो. चिंचणीच्या बीचवर गेलात, तर त्या मोहम्मदाची आठवण काढा. भेटू पुढच्या भागात!