कथलाची फौज

अठराव्या शतकाच्या उत्तरार्धात जर्मनीतील न्यूर्नबर्ग शहरी योहान हिल्पर्ट नामक कारागिराने कथलाचे चपटे शिपाई ओतून विकावयास प्रारंभ केला, तेव्हा ते केवळ पोरांचे खेळणे होते. परंतु १८३९ साली त्याच शहरी एर्न्स्ट हाइनरिक्सेन याने कारखाना घातल्यावर त्या खेळण्यास पलटणी, रिसाले व तोफखाना असे शिस्तबद्ध रूप आले आणि त्याचे सुमारे ३० मिलिमीटर उंचीचे माप पुढे इतरांनीही प्रमाण मानले. पाटीच्या दगडाच्या दोन फरशांत आकृती उलटी कोरावयाची, त्या जुळवून मधल्या पोकळीत कथील व शिशाचा रस ओतावयाचा, ही शिपाई घडविण्याची कृती. खरी कसोटी पुढे असे. चपट्या शिपायास छातीची गोलाई नसते. ती बोटाच्या पेराएवढ्या अंगावर छायाप्रकाशाने भासवावी लागते. हे रंगकाम घरोघरच्या बायका व मुले तुटपुंज्या मजुरीवर करीत. पेटीवर नाव मात्र कारखानदाराचे.

१८९३ साली लंडनच्या विल्यम ब्रिटन यांच्या कारखान्याने निराळीच युक्ती काढली. साच्यात रस ओतून, कडेचा थर थिजतो न थिजतो तोच साचा पालथा करावयाचा. आतला रस बाहेर पडे व पोकळ, हलका, स्वस्त शिपाई हाती येई. क्षणभर उशीर झाला की शिपाई भरीव, घाई झाली की अंगाला भोके! एच. जी. वेल्स यांनी १९१३ साली 'लिटल वॉर्स' या पुस्तकात युद्धखेळाचे नियम बांधले, ते असल्याच शिपायांवर. मान मोडली तर पोरे पोकळ गळ्यात आगकाडीचा तुकडा खोवून मस्तक पुन्हा बसवीत.

शिशाच्या विषाविषयी कायदे कडक होत गेले आणि १९६६ साली ब्रिटन यांच्या कारखान्यातले हे शिशाचे ओतकाम थांबले. प्रौढ खेळाडूंसाठी मात्र भरीव, सुट्या भागांचे व बेरंगी शिपाई इंग्लंडात निघतच राहिले. १९८३ साली 'वॉरहॅमर' हा युद्धखेळ आल्यावर तर ते घरी जुळविणे व रंगविणे हाच निम्मा खेळ होऊन बसला. ज्या कामाची न्यूर्नबर्गच्या बायकांना मजुरी मिळे, तेच करावयास आता गिऱ्हाईक पदरचे पैसे मोजते, याची मला मोठी मौज वाटते.

आणि काम तरी केवढे जिकिरीचे! साच्याच्या सांध्यावर उठलेली बारीक कड आधी कानशीने घासावी लागते, नाही तर रंग चढताच ती शिपायाच्या गालावर व्रणासारखी उमटते. साबणाने धुऊन अस्तर दिल्यावाचून धातूवर रंग धरत नाही. शिपाई प्लॅस्टिकचा असेल, तर त्याचा हात खास जोडद्रवाने किंचित विरघळून धडाशी एकजीव होतो. धातूचा मात्र गोंदाने नुसता चिकटतो आणि पहिल्याच धक्क्यास निखळतो, म्हणून खांदा व दंड या दोहोंत सुईएवढे छिद्र पाडून पितळी तारेचा तुकडा बसवितात. युक्ती आगकाडीचीच, परंतु दोन्ही छिद्रे एका रेषेत आली नाहीत, तर भालाईत आपला भाला शत्रूवर न रोखता स्वतःच्याच घोड्याच्या कानावर रोखून बसतो.