विजेपासून सुटा झालेला हिरवेपणा

पवनचक्कीची वीज आणि कोळशाची वीज एकदा तारांच्या जाळ्यात मिसळली की कोणतेही यंत्र ती निवडून वेगळी करू शकत नाही. मग हरित वीज विकत घेतल्याचा दावा सिद्ध तरी कसा करायचा? भारताने या प्रश्नाला दिलेल्या उत्तराचा इतिहास उद्बोधक आहे.

वीज कायदा, २००३ने राज्य वीज नियामक आयोगांवर एक जबाबदारी टाकली. वितरण कंपन्यांनी एकूण विजेपैकी किती टक्के वीज नवीकरणीय स्रोतांतून घ्यावी, हे आयोगांनी ठरवायचे होते. २००८च्या राष्ट्रीय हवामान बदल कृती आराखड्याने २००९-१०साठी ५ टक्के आणि पुढे दहा वर्षे दरवर्षी एक टक्का वाढ सुचवली. अडचण भूगोलाची होती. वारा तमिळनाडू-गुजरातकडे, प्रखर ऊन राजस्थानात. दिल्लीसारख्या दाट वस्तीच्या प्रदेशाने बंधन पाळावे कसे?

जानेवारी २०१०मध्ये केंद्रीय वीज नियामक आयोगाने तोडगा काढला. एकाच वस्तूच्या दोन वस्तू करण्यात आल्या: वीज आणि तिचा हिरवेपणा. उत्पादकाने वीज जवळच्या वितरण कंपनीला साध्या दराने विकावी. प्रत्येक १,००० युनिटमागे त्याला एक प्रमाणपत्र मिळेल आणि ते वीज बाजारात देशभर कोणालाही विकता येईल. ही प्रमाणपत्रे देण्याचे व त्यांची नोंद ठेवण्याचे काम राष्ट्रीय भार प्रेषण केंद्राकडे आले. २०११च्या मार्चमध्ये व्यवहार सुरू झाले. उत्पादकाला आधार म्हणून किमान दर आणि ग्राहकाला संरक्षण म्हणून कमाल दर आखून दिला होता.

मात्र लवकरच न विकलेल्या प्रमाणपत्रांचे ढीग साचले. वितरण कंपन्या आधीच तोट्यात होत्या. बंधन मोडणाऱ्यांना दंड करण्याऐवजी अनेक राज्यांचे आयोग थकबाकी पुढच्या वर्षावर ढकलू देत. सौर प्रमाणपत्राचा किमान दर सुरुवातीला १२,००० रुपये होता. तो २०१२मध्ये ९,३००, २०१५मध्ये ३,५०० आणि २०१७मध्ये १,०००वर आला. सौर पॅनेल स्वस्त झाल्याने दर उतरणे स्वाभाविक होते. पण जुन्या, महाग दराच्या भरवशावर प्रकल्प उभारणाऱ्यांची गणिते कोलमडली. २०१५मध्ये सर्वोच्च न्यायालयाने स्वतःपुरती वीज निर्माण करणाऱ्या उद्योगांवरील बंधनही वैध ठरवले. २०२०मध्ये किमान दर शून्यावर आणला गेला, वाद विद्युत अपील न्यायाधिकरणात पोहोचला आणि सुमारे सव्वा वर्ष व्यवहार थांबले.

डिसेंबर २०२२पासून लागू झालेल्या नव्या नियमांनी किमान-कमाल दर काढून टाकले आणि विक्री होईपर्यंत प्रमाणपत्र वैध ठेवले. दरम्यान सामान्य ग्राहकासाठीही वाट उघडली. महाराष्ट्रात २०२१च्या आदेशानुसार युनिटमागे ६६ पैसे जादा भरून पूर्ण हरित वीज मागता येऊ लागली.

या साऱ्या इतिहासाचा धडा सरळ आहे. प्रमाणपत्राला स्वतःची किंमत नसते. ती कायद्याच्या बंधनातून येते, आणि बंधन सैल झाले की प्रमाणपत्र नुसता कागद उरतो. म्हणूनच एप्रिल २०२४पासूनचा बदल महत्त्वाचा ठरतो. आता नवीकरणीय वापराचे प्रमाण ऊर्जा संवर्धन कायद्याखाली ठरते: २०२४-२५साठी २९.९१ टक्के, २०२९-३०साठी ४३.३३ टक्के. कसूर केल्यास दंडाची तरतूदही त्याच कायद्यात आहे. तो दंड प्रत्यक्षात वसूल होतो की पुन्हा पुढे ढकलला जातो, यावरच या बाजाराचे भवितव्य ठरेल.